धुळाक्षरे आणि मॉनिटर

इ. स. १६२३ च्या पावसाळ्यानंतर पोर्तुगीजांचा एक वकील गोव्याहून इक्केरीच्या नायकाच्या भेटीस निघाला. त्याच्या लवाजम्यात पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन प्रवासी होता. गोव्याहून गलबताने होनावर, तेथून नदीने गेरसोप्पा आणि मग सह्याद्रीचा घाट चढून वर, अशी त्यांची वाट होती. नोव्हेंबर महिन्यात घाटातल्या एका मुक्कामी ओझी बांधण्याची गडबड चालली असता हा गृहस्थ देवळाच्या ओसरीत विसावला. तेथे त्याला चार लहान मुले दिसली. पंतोजी जवळपास कोठेही नव्हता. फरशीवर बारीक वाळू पसरलेली होती. एक मुलगा अंकांच्या पाठाचा एक चरण सुरात म्हणे आणि म्हणताम्हणता तोच आकडा बोटाने वाळूत काढी; मग उरलेले तिघे तोच चरण म्हणून तोच आकडा काढीत. फरशी भरली की हाताने पुसायची, जवळच्या ढिगातली मूठभर वाळू पुन्हा पसरायची आणि पुढे चालायचे.

देल्ला व्हाल्ले चिकित्सक होता. त्याने मुलांना विचारले की, तुम्हांपैकी कोणी चुकला तर त्याला सुधारणार कोण? मुलांनी दिलेले उत्तर त्याने आपल्या पत्रात उतरून ठेवले आहे. आम्ही चौघेही एकाच वेळी एकाच ठिकाणी चुकू हे शक्य नाही, आणि एक चुकला तर दुसऱ्याने सावरावे म्हणूनच तर आम्ही एकत्र बसतो, अशा अर्थाचे ते उत्तर होते. प्रवाशाला ते पटले. शिकण्याची ही रीत सोपी, सुरेख आणि खात्रीची आहे, असा अभिप्राय त्याने दिला.

त्या रोमन गृहस्थाला ही रीत नवलाची वाटली. आपल्याकडे ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तिच्यावर ग्रंथ लिहावा असे कोणाला सुचले नाही. मराठी भाषेने मात्र तिची आठवण जपली आहे. एखाद्या विद्येच्या आरंभी असलेल्या माणसाविषयी तो अजून ‘धुळाक्षरे गिरवीत आहे’ असे आपण म्हणतो. धूळपाटी म्हणजे लाल माती किंवा बारीक वाळू पसरलेली फळी. तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, मोडायचे, पुन्हा काढायचे. ओनामा झाला, अक्षरे वळणावर आली, की मग लाकडी पाटी, बोरू आणि कागद. सायंकाळी परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीपर्यंतचे सारे पाढे एका मुलाने सांगायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचे. पंतोजी एक आणि मुले तीस-चाळीस, तीही सर्व वयांची. तेव्हा नवख्या मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षर गिरवून घेण्याचे काम थोराड मुलाकडेच येणार. वेदपाठशाळेत ज्येष्ठ शिष्य धाकट्यास संथा देई. विद्या वरून खाली पायरीपायरीने उतरत असे, आणि प्रत्येक पायरीवर एक मूल उभे असे.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचे मात्र कारण नाही. ज्या ओसरीवर ही धूळ पसरली जाई तिच्यावर चढण्याची सर्वांना मुभा नव्हती. मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर नव्हतीच. पंतोजीची छडी आणि त्याच्या शिक्षांचे विविध प्रकार यांच्या हकीकती त्या शाळांतून शिकलेल्या माणसांनीच लिहून ठेवल्या आहेत. पण मुलाकडून मूल शिकते, हे त्या शाळेने ओळखले होते, एवढे निर्विवाद.

ही धूळ पुढे समुद्रापार कशी गेली, ती कथा मद्रासेत घडली. डॉ. अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचा धर्मोपदेशक १७८७ साली मद्रासेस आला आणि १७८९ मध्ये एग्मोर येथील मुलांच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांची, बहुतेक हिंदी आयांच्या पोटी झालेली मुले तेथे ठेवीत. शिक्षक थोडे, अल्पपगारी आणि कामचुकार. एके दिवशी घोड्यावरून जाताना बेलला एक गावठी शाळा दिसली. तेथे मुले जमिनीवरच्या वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. त्याने लगोलग आपल्या शाळेत वाळू आणवली. पण मोठ्या शिक्षकांना हा प्रकार आपल्या प्रतिष्ठेस साजेसा वाटेना. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या, एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाला सर्वांत खालच्या वर्गास अक्षरे शिकवण्यास बसवले. जे काम पगारी शिक्षकांनी अशक्य म्हणून सोडले होते, ते या पोराने करून दाखवले. मग एकेक वर्ग मुलांच्या स्वाधीन होत गेला. बेलने वर्गात जोड्या पाडल्या. एक शिकवणारा, एक शिकणारा. आणि दोघांचा पाठ एकच.

१७९६ मध्ये बेल मायदेशी परतला आणि १७९७ साली लंडनमध्ये त्याने आपल्या प्रयोगाचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. वाळू आपण हिंदी शाळेतून घेतली हे तो मान्य करी; मुलाने मुलास शिकवण्याची कल्पना मात्र आपला स्वतःचा शोध आहे, असे त्याचे जन्मभर म्हणणे होते. या म्हणण्यात किती तथ्य आहे ते देल्ला व्हाल्लेची चार मुले सांगू शकतील. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी तरी आपल्या धर्मोपदेशकाची बाजू घेतली नाही. ३ जून १८१४ च्या त्यांच्या खलित्यात, हिंदुस्थानात अनादिकालापासून चालत आलेली ही शिक्षणपद्धती डॉ. बेल यांच्या द्वारे इंग्लंडात स्वीकारली गेली, यातच तिचा मोठा गौरव आहे, असा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यकर्त्यांनी प्रजेचे ऋण मान्य केल्याची अशी उदाहरणे मोजकीच आढळतात.

त्याच सुमारास लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकेस्टर नावाचा विशीतला तरुण गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवीत होता. फी देऊ न शकणाऱ्यांनाही तो घेई, म्हणून मुले शेकड्यांनी येऊ लागली आणि पगारी शिक्षक ठेवणे परवडेना. त्यानेही मुलांवरच शिकवण्याचे काम सोपवले. या मुलांना त्याने नाव दिले ‘मॉनिटर’. १८०३ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि थोड्याच वर्षांत बरो रोडवरील त्याची शाळा पाहण्यास सरदार-दरकदार येऊ लागले. एका दालनात हजारभर मुले आणि शिक्षक एक! बेलच्या मागे इंग्लंडचे प्रस्थापित चर्च उभे राहिले, लँकेस्टरच्या मागे इतर पंथीय. आणि शोध कोणाचा या वादावर वर्षानुवर्षे पत्रके झडली. त्या भांडणात आज कोणाला रस वाटण्याचे कारण नाही. मुलांना तेथे शब्द कसे शिकवीत, ते मात्र पाहण्यासारखे आहे, कारण पुढचा सारा घोटाळा त्यातच आहे.

लँकेस्टरच्या शाळेत वर्ग वयाप्रमाणे नसत, शब्दातल्या अक्षरांच्या संख्येप्रमाणे असत. पहिल्या वर्गात नुसती मुळाक्षरे, तीही वाळूत. दुसऱ्यात दोन अक्षरांचे तुकडे, तिसऱ्यात तीन अक्षरांचे शब्द, पुढे चार, पाच. प्रत्येकाला पुस्तक देणे परवडत नसल्यामुळे मोठ्या अक्षरांत छापलेला एकच तक्ता भिंतीवर टांगीत आणि मुले त्याच्यापुढे अर्धवर्तुळात उभी राहत. मॉनिटर शब्द उच्चारी, मुले पाटीवर लिहीत, इशारा होताच सर्व पाट्या एकदम वर होत. चुकणाऱ्याची चूक ज्याने दुरुस्त केली तो त्याच्या वरच्या जागी जाई. शिस्त अशी की कवायतीच्या मैदानाने खाली मान घालावी. खोडकर मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत. कधी त्याला टोपलीत घालून छताला टांगीत. छडीचा मार लँकेस्टरला नामंजूर होता, पण फजितीचे त्याला वावडे नव्हते.

या साऱ्या यंत्रात एका गोष्टीला जागा नव्हती. ती म्हणजे शब्दाचा अर्थ. मुलगा तीन अक्षरांचा शब्द बिनचूक लिही आणि वरच्या वर्गात जाई. तो शब्द कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक आहे की नाही, हे विचारण्याचे मॉनिटरला कारण नव्हते आणि बहुधा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसे. मूल मुलाला देऊ शकते ते दोन प्रकारचे असते. एक, आपण घोकलेला ध्वनी. दुसरे, आपल्याला उमगलेला अर्थ. पहिला देण्यासाठी नुसती स्मरणशक्ती पुरते. दुसरा देण्यासाठी शिकणाऱ्याने अडवावे लागते, ‘म्हणजे काय?’ असे विचारावे लागते, आणि शिकवणाऱ्याला आपल्या घरच्या बोलीत, आपल्या अनुभवातला दाखला शोधून सांगावे लागते. हजार मुलांच्या दालनात ‘म्हणजे काय?’ असे विचारणाऱ्या पहिल्याच मुलाने सारे यंत्र थांबले असते.

अर्थाची ही उपेक्षा नजरचुकीने झाली असे मात्र म्हणता येत नाही. गरिबांच्या मुलांना खर्चिक शिक्षण द्यावे, किंबहुना त्यांना लिहिणे आणि हिशेब शिकवावा, असे आपले म्हणणे नाही, हे बेलने उघड लिहिले होते. धर्मपुस्तक वाचता यावे आणि आज्ञापालन अंगी बाणावे, एवढेच त्या योजनेचे ध्येय होते. फार कळू लागलेला मजूर कोणालाच नको होता. स्वस्ताई हा या पद्धतीचा मोठा गुण म्हणून गायला गेला; पण ज्यांच्यासाठी ती स्वस्त केली त्यांच्या वाट्याला शब्दाची टरफले आली आणि गर राहिला, हे मान्य करावे लागते.

मूळ हिंदी शाळेत तरी अर्थाचे स्थान काय होते? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बळ्ळारी जिल्ह्याच्या कागदपत्रांत मिळते. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांची माहिती मागवली. बळ्ळारीचा कलेक्टर कॅम्बेल याने १८२३ मध्ये पाठवलेला अहवाल त्या साऱ्यांत वाचनीय आहे. त्याच्या जिल्ह्यात ५३३ शाळा आणि ६,६४१ विद्यार्थी होते. शाळांपैकी २३५ कानडी, २२६ तेलुगू आणि २३ मराठी. पहाटे सहाला शाळा भरे. सर्वांत आधी येणाऱ्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना स्तुती ना निंदा. तिसऱ्यापासून हलक्या छडीचा प्रसाद सुरू होई, आणि तो येण्याच्या क्रमाने वाढत जाई. खालचे वर्ग पुढच्या विद्यार्थ्यांच्या हवाली असत. या रीतीची कॅम्बेलने तोंडभरून स्तुती केली आहे. इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच झाले, असे त्याचे मत होते.

परंतु त्याच अहवालात त्याने एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. मुले जी काव्ये पाठ करीत त्यांची भाषा घरच्या आणि व्यवहाराच्या भाषेहून अगदी निराळी असे. मुलगा शेकडो पद्ये अस्खलित म्हणून दाखवी, पण पढवलेल्या पोपटापेक्षा त्याला त्यातले अधिक काही कळत नसे. आणि अनेक शिक्षकांनाही ते समजावून सांगता येत नसे. कॅम्बेल परका होता, राज्यकर्ता होता, हे खरे. तरीही ही टीका झटकून टाकता येत नाही. आपल्याकडच्या पाठशाळेत अमरकोश मुखोद्गत करीत. पर्यायशब्दांची ही अद्भुत माळ स्वर्ग, दिशा, काल, भूमी, वनस्पती अशा अर्थाच्या गटांनी ओवलेली आहे, म्हणजे कोशकाराच्या मनात अर्थच प्रधान होता. पण पाच वर्षांच्या बटूला ती ध्वनीची माळ म्हणूनच मिळे. आधी मुखात, मग केव्हातरी डोक्यात. ज्यांची पाठशाळा दहा-बारा वर्षे चाले त्यांच्याबाबतीत ते ‘केव्हातरी’ उगवत असे. जो कुणब्याचा किंवा वाण्याचा मुलगा दोन वर्षांत शाळा सोडून नांगराला किंवा दुकानाला लागे, त्याच्याबाबतीत ते बहुधा उगवतच नसे.

अशा स्थितीत विलायतेला गेलेली रीत नवे नाव घेऊन परत आली. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२२ मध्ये शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. मराठीत तिला ‘हैंदशाळा पुस्तक मंडळी’ म्हणत. कॅप्टन जॉर्ज जर्विस आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे आधारस्तंभ. मंडळीच्या समितीने देशी शिक्षणातले चार प्रमुख दोष नोंदवले: पुस्तकांची उणीव, शिकवण्याच्या सुलभ रीतीचा अभाव, लायक शिक्षकांचा अभाव आणि पैशाची चणचण. सुलभ रीत म्हणून शिफारस झाली ती लँकेस्टरच्या पद्धतीची. मुलाने मुलास शिकवणे ही गोष्ट ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, तेथल्याच पंतोजींना ती आता साहेबाच्या पुस्तकातून शिकवायची होती! आपल्या घरचा तांब्या कल्हई करून आपल्यालाच विकावा, तसा हा प्रकार झाला.

तरीही त्या मंडळीने एक मोलाची गोष्ट केली. चार दोषांपैकी पहिला तिने मनावर घेतला. १८२८ मध्ये छत्र्यांची इसापनीती आणि बालमित्र ही पुस्तके निघाली. मराठी मुलाच्या हाती असे गद्य आले की जे वाचताना कोल्हा, द्राक्षे, लबाडी हे शब्द त्याच्या ओळखीचे होते आणि अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दांच्या मध्ये बसलेले होते. दोन मुलांनी शेजारी बसून गोष्ट वाचावी आणि एकाने दुसऱ्याला थांबवून विचारावे, ही शक्यता पुस्तकाने निर्माण केली. भिंतीवरच्या तक्त्याने ती कधीच केली नसती.

ब्रिटनमध्येही डोळस माणसांना यंत्राचा पोकळपणा जाणवू लागला होता. एडिंबरोच्या सेशनल स्कूलमध्ये जॉन वुड नावाच्या वकिलाने मॉनिटर ठेवले, परंतु त्यांचे काम बदलले. वाचलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलाने आपल्या शब्दांत सांगितला पाहिजे, त्या शब्दाची सोयरीक कोणत्या इतर शब्दांशी आहे हे ओळखले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्या शाळेचा वृत्तांत त्याने १८२८ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत इसापनीती छापली गेली, त्याच वर्षी एडिंबरोत अर्थाची मागणी नोंदली गेली. परंतु या वाटेने फार थोडे गेले. १८४६ पासून इंग्लंडात तेरा वर्षांवरील मुलांना पगारी उमेदवार-शिक्षक म्हणून नेमण्याची पद्धत सुरू झाली आणि मॉनिटरांचा जमाना ओसरला. लँकेस्टर १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यात गाडीखाली सापडून मेला. बेल त्याआधीच, १८३२ मध्ये, वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत जागा मिळाली. त्याच्या पैशातून त्याच्या जन्मगावी निघालेल्या शाळेचे नाव ‘मद्रास कॉलेज’ असे असून ती आजही चालू आहे. स्कॉटलंडच्या थंड किनाऱ्यावर मद्रासचे नाव का, असे तेथल्या मुलांना वाटत असेल तर नवल नाही.

आपल्याकडे त्या पद्धतीचा मागे उरला तो एक शब्द. मराठी शाळांत ‘मॉनिटर’ अजून आहे. पण तो शिकवीत नाही. गुरुजी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे हे त्याचे काम. ज्याच्याकडे एकेकाळी शब्द देण्याचे काम होते, त्याच्याकडे आता शब्द बंद करण्याचे काम आले आहे! भाषेच्या इतिहासात अर्थाचा अधःपात म्हणतात तो हाच.

वर्गात मुलांनी बोलणे हा अपराध ठरल्यावर शब्दसंपत्ती वाढणार कशी? वर्गाबाहेर मात्र मुले हा उद्योग कधीच थांबवीत नाहीत. भेंड्या लावताना ‘ळ’ वर अडलेला गडी शेजाऱ्याच्या कानाला लागतो. कोडी घालणे, नावे ठेवणे, चिडवणे, या साऱ्यांत नवे शब्द हातोहात फिरतात, आणि त्यांचा अर्थ चुकला तर टोळी तेथल्या तेथे दुरुस्त करते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत तर हे अधिकच जाणवते. इंदुरास मराठी शाळेतला मुलगा ‘शिक्षा’ हा शब्द ऐकून कान धरतो. शेजारचा हिंदी घरातला सोबती त्याच शब्दाने विद्या समजतो. ‘चेष्टा’ म्हणजे एकाला थट्टा, दुसऱ्याला प्रयत्न. ‘राग’ एकाला संताप, दुसऱ्याला गाणे. कोश उघडून हा गुंता सुटतो. पण दोन मुलांनी त्यावर वाद घातला, आपापल्या आईचे वाक्य साक्षीला आणले, तर तो शब्द दोघांच्याही मनात कायमचा रुजतो. बेळगावात कानडी शेजार आहे, गोव्यात घरी कोंकणी आणि शाळेत मराठी आहे. तेथली मुले असे दुभाषेपण रोज, नकळत करीत असतात. वर्गाने त्याचा उपयोग करून घेतला तर ते सोन्याहून पिवळे.

असा उपयोग करून घेणाऱ्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आदराने घेतली पाहिजेत. भावनगरात गिजुभाई बधेका यांच्यासह काम केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. भोवती वारल्यांची वस्ती. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हा शब्दच किती बोलका आहे! कुरणात बसलेल्या शिक्षिकेला गवतांची, झाडांची, पाखरांची जी नावे ठाऊक नसतील ती त्या गुराख्यांना ठाऊक होती. पुस्तकी मराठीचे शब्द एका बाजूने यायचे, वारली बोलीचे दुसऱ्या बाजूने. आणि मोठे भावंड कडेवरच्या धाकट्याला घेऊन येई ते दोन्हींच्या मधला पूल म्हणून. जो अर्थ शाळेच्या इमारतीत शिरत नव्हता तो उघड्यावर मुलांच्या पायांशी होता.

पुढे अमेरिकेत ॲनमारी पालिंक्सार आणि ॲन ब्राउन या दोन संशोधिकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास कॅम्बेलच्या तक्रारीचे उत्तर म्हणून वाचता येतो. त्यांनी निवडलेली सातवीतली मुले अशी होती की वाचून दाखवत झरझर, पण वाचलेले त्यांना कळत नसे. पोपटांचीच पिढी, फक्त देश निराळा. त्यांना लहान गटांत बसवले. प्रत्येक उताऱ्याला एक मूल शिक्षकाच्या जागी येई. त्याने गटाला प्रश्न विचारायचा, सारांश सांगायचा, अडलेल्या शब्दाचा किंवा वाक्याचा उलगडा करायचा किंवा करून घ्यायचा आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. मग दुसऱ्याची पाळी. आरंभी शिक्षिका स्वतः हे सारे करून दाखवी आणि हळूहळू मागे सरे. मुलांचे आकलन पुष्कळ सुधारले आणि ती सुधारणा टिकली. लँकेस्टरच्या दालनाशी याची तुलना केली की फरक कोठे आहे ते कळते. तेथे मॉनिटर कायमचा मॉनिटर होता आणि बाकीचे कायमचे ऐकणारे. येथे पाळी फिरत होती. तेथे न कळणे हा अपराध होता. येथे ‘हा शब्द मला कळला नाही’ असे म्हणणे हा पाठाचाच भाग होता.

एकविसाव्या शतकात हे वारे पुन्हा आपल्याकडे वाहू लागले आहे. ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतून सर्व वयांच्या मुलांनी गटागटाने, कार्डांच्या साहाय्याने शिकण्याची रीत घडली. तिचा आधार घेऊन २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत आणि पुढे साऱ्या तामिळनाडूत कृतियुक्त शिक्षण आले. बेलचे अनाथालय ज्या शहरात होते, त्याच शहरात. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी वर्गाच्या फरशीवरच अक्षरे आणि शब्दांचे तक्ते रंगवले. मुले त्यांच्याभोवती बसून, एकमेकांना विचारीत, वाक्ये जुळवू लागली. राज्यभरातले शिक्षक तेथे पाहायला गेले. २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केल्यावर अशा रंगवलेल्या फरशा गावोगाव दिसू लागल्या. त्यांतल्या काही बोलू लागल्या. काही नुसत्याच रंगवलेल्या राहिल्या, कारण रंगाचा डबा परिपत्रकाने येतो, प्रश्न विचारण्याची मोकळीक परिपत्रकाने येत नाही.

वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मात्र या सगळ्यासाठी कोणाच्या हुकमाची वाट पाहिली जात नाही. एक शिक्षक कार्यालयीन कामाला तालुक्याला गेलेले असतात, दुसरे चौथीला भागाकार शिकवीत असतात. अशा वेळी पहिलीतले एखादे पोर पुस्तक घेऊन तिसरीतल्या मुलीशेजारी सरकते आणि चित्राखालच्या शब्दावर बोट ठेवून विचारते, “ताई, ओढा म्हणजे आपला व्हाळच ना गं?”